तोंड दाखवायला कशाला जायचे?



गेल्या हिवाळ्यात आमच्या समितीची बैठक भरली तेव्हा विषयपत्रिकेवर महत्त्वाचा विषय एकच होता. दक्षिणेकडील गावांचा मिळून जो वार्षिक मेळावा आपण भरवितो, तो नेहमीप्रमाणे हॉल घेऊन भरवायचा, की यंदापासून घरबसल्या पडद्यावर उरकायचा? खजिनदारांनी हिशेब मांडला. हॉलचे भाडे, बसचे भाडे, जेवण, ध्वनिक्षेपक. वर्गणीदार दरवर्षी कमी होत आहेत. जे येतात त्यांतले निम्मे काठी टेकीत येतात, आणि ज्यांना काठी लागत नाही ते येत नाहीत. हिशेब वाचून झाल्यावर खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आकड्यांपुढे कोणाला काही बोलता येईना.

मग समितीतला सर्वांत तरुण सभासद बोलला. हा मुलगा इथेच जन्मलेला, इंजिनियर झालेला. मराठी त्याला सगळी समजते, बोलताना मधूनमधून हिब्रूचा आधार घेतो. तो म्हणाला, "काका, रागावू नका. तुम्ही दोन तास बसमध्ये बसून जाता, भाषणे ऐकता, जेवता आणि पुन्हा दोन तास बसमध्ये बसून घरी येता. जे तिथे ऐकलेत ते घरी ऐकता आले नसते का? नुसते तोंड दाखवायला कशाला जायचे?"

आम्ही रागावलो नाही, कारण त्याने प्रश्न खोडी काढण्यासाठी विचारला नव्हता. त्याच्या नोकरीतही हाच प्रश्न उभा आहे. पूर्वी त्याची कंपनी दरवर्षी दोघातिघांना परदेशी इंजिनियरांच्या परिषदेला पाठवीत असे. आता सांगतात की आपल्या टेबलाशी बसूनच व्याख्याने ऐका. पैसे वाचतात, दिवस वाचतात, आणि संध्याकाळी लहान मुलांजवळ राहता येते. हे सारे खरे आहे. आम्ही त्याला म्हणालो, "बाळ, विचार करून सांगतो." हा लेख म्हणजे तोच विचार आहे. आपल्यापुढे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या गावी हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

प्रथम पडद्याचे ऋण मान्य करू. २०२० साली कोरोनाच्या साथीने आपणा सर्वांना घरात कोंडले, तेव्हा या पडद्यानेच आपल्याला नातवंडांची तोंडे दाखविली. मुंबईत भाऊ गेला तर इथली बहीण पडद्यापुढे बसून रडली. विमान मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांचे गुडघे गेले आहेत, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ज्या आईच्या कडेवर तान्हे आहे, त्यांना पडद्याने पहिल्यांदाच सभेत जागा दिली. तेव्हा जुने ते सोने म्हणून पडद्याला नावे ठेवणे बरोबर होणार नाही. आणि प्रेम वाढते, जेवण होते, जुन्या ओळखी निघतात, एवढ्यानेही त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. प्रेम टेलिफोनवरही करता येते. जेवण घरी अधिक चांगले असते.

मग भेटीत असे काय आहे, जे पत्रात नाही आणि पडद्यात नाही?

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. तालमूदच्या बेराखोथ भागात रब्बी यहोशुआ बेन लेवी यांचे मत दिलेले आहे. ज्याने आपल्या मित्राला तीस दिवसांनंतर पाहिले त्याने शेहेहेयानू म्हणावे, आणि बारा महिन्यांनंतर पाहिले तर मृतांना जिवंत करणाऱ्या परमेश्वराचा धन्यवाद करावा. दुसरी बेराखा ऐकून तरुण मंडळी हसतात. मित्र काय मेला होता? पण तालमूदनेच खुलासा केला आहे की गेलेला माणूस बारा महिन्यांनी मनातून दूर होतो. म्हणजे वर्षभर जो दिसला नाही तो आपल्या मनापुरता त्याच वाटेला लागलेला असतो. मागील मेळाव्यात आमच्या शेजारी बसलेल्यांपैकी तिघांना पुन्हा भेटण्याचा योग आला नाही. त्यामुळे ही बेराखा आता आम्हाला अतिशयोक्तीची वाटत नाही.

पुढे शुलहान आरूखमध्ये याला एक बारीक पोटकलम जोडलेले सापडते. एखाद्याला आपण कधीच पाहिलेले नाही, नुसता पत्रव्यवहार आहे, आणि तो एके दिवशी दारात उभा राहिला, तर आनंद झाला तरी ही बेराखा म्हणायची नाही. कारण जी ओळख कागदावर झाली ती तेवढी घट्ट धरलेली नाही. त्यानंतरच्या पंडितांनी आणखी वाद घातला की ज्याला पूर्वी पाहिले आहे पण वर्षभरात त्याची पत्रे येत होती, त्याला भेटल्यावर बेराखा म्हणावी की नाही. वाद कोणी जिंकला हे आपल्याला आज महत्त्वाचे नाही. पत्र म्हणजे भेट नव्हे, पण पत्र म्हणजे काहीच नव्हे असेही नाही, हे त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखले होते.

आता व्यवसायाच्या परिषदांकडे वळू, कारण आमच्या तरुण मित्राचा मुद्दा तिथलाच होता. तिथे मायाममतेचा संबंध नसतो. ज्ञान हवे असते, आणि ते छापून मिळते. मग जमायचे कशाला?

१८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतील कार्ल्सरूह या गावी युरोपातले सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस जमले होते. त्यांच्या शास्त्रात तेव्हा मोठा गोंधळ होता. अणू कशाला म्हणावे, रेणू कशाला म्हणावे, कोणत्या मूलद्रव्याचा भार किती धरावा, यावर एकमत नव्हते. पाण्याचे सूत्र कोणी एच-ओ लिही, कोणी एच-टू-ओ. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असते त्याची निरनिराळ्या लोकांनी लिहिलेली १९ सूत्रे केकुले यांनी आपल्या पुस्तकात दिली होती. एकाच वस्तूला १९ नावे असली तर बाजार चालणार कसा?

आता गंमत अशी, की या गोंधळातून बाहेर पडण्याची वाट दोन वर्षांपूर्वीच छापून आली होती. कानिझारो नावाच्या इटालियन प्राध्यापकांनी १८५८ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. अवोगाद्रो यांनी १८११ साली मांडलेली आणि लोकांनी बाजूला टाकलेली कल्पना घेऊन त्यांनी अणुभारांची घडी नीट बसवून दाखविली होती. निबंध इटालियन नियतकालिकात होता. ज्याला हवा त्याला मागवता आला असता, पण फारसा कोणी मागवला नाही. कार्ल्सरूहला कानिझारो स्वतः आले, उभे राहिले आणि बोलले. द्युमा यांच्यासारखा त्या काळातला बडा माणूस सभेत वेगळे मत मांडत होता. त्याला त्यांनी सर्वांसमक्ष उत्तर दिले. सभा संपताना त्यांच्या एका मित्राने त्याच निबंधाच्या छापील प्रती हातोहात वाटल्या.

परिषदेत निर्णय असा काही झाला नाही. शास्त्राचे प्रश्न मतदानाने सुटत नाहीत असे ठरवून मंडळी आपापल्या गावी गेली. इतिवृत्त वाचणारा म्हणेल, खर्च फुकट गेला. पण लोथार मायर या तरुण शास्त्रज्ञाने खिशातला तो निबंध वाटेत वाचला, घरी जाऊन पुन्हा वाचला, आणि त्याच्या मनातल्या शंका फिटल्या. रशियाहून आलेले २६ वर्षांचे मेंडेलीव्हही त्या सभेत बसले होते. पुढे १८६९ साली त्यांनी मूलद्रव्यांचा जो तक्ता मांडला, तो आपली नातवंडे आज शाळेत शिकतात. त्या तक्त्याला लागणारे अणुभार कार्ल्सरूहनंतर हळूहळू सर्वमान्य झाले.

कागद तोच होता. दोन वर्षे कोणी त्याच्याकडे पाहिले नाही, आणि तीन दिवसांत त्याला वाचक मिळाले. त्याचे कारण आम्हाला असे वाटते: लोकांनी लेखकाला अडवून प्रश्न विचारले, तो माणूस बड्यांपुढे उभा राहून जबाब देताना त्यांनी पाहिला, आणि मगच त्याचे लिखाण वाचण्याची त्यांना इच्छा झाली.

हे झाले मोठ्या लोकांचे. आता आपल्या घरातले सांगतो.

आपल्या समाजातल्या कितीतरी बहिणींनी परिचारिकेचे काम केले, हिंदुस्थानातही आणि इथेही. आमच्या समितीत अशा एक ताई आहेत, आता निवृत्त. त्या बैठकीत बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एक हकिकत सांगितली. खूप वर्षांपूर्वी त्या परिचारिकांच्या एका वार्षिक परिषदेला गेल्या होत्या. व्याख्यान होते औषधे देताना घ्यावयाच्या काळजीवर. व्याख्यानातले सर्व त्यांना आधीच ठाऊक होते, आणि ते छापूनही आले होते. मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात घेऊन त्या उभ्या असताना परक्या गावची एक परिचारिका जवळ आली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने हळूच विचारले, "तुमच्याकडे असे कधी झाले आहे का?" तिच्या वॉर्डात दोन औषधांच्या कुप्या एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या झाकणाच्या, एकाच फळीवर ठेवलेल्या असत. एका रात्री तिने चुकीची कुपी उचलली आणि अगदी शेवटच्या क्षणी तिच्या ध्यानात आले.

ताईंच्या हातचा चहा थंड झाला. तसेच त्यांच्याही हातून होता होता राहिले होते, सहा महिन्यांपूर्वी. त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते, नवऱ्यालाही नाही. वॉर्डात अशा गोष्टी कळविण्याचा कागद होता, पण कागदावर नाव घालावे लागे, आणि नाव घातले की ते कोठे कोठे फिरेल याचा नेम नसे. त्या दोघी बोलत असताना तिसरी येऊन उभी राहिली. तिचेही तेच. परत आल्यावर ताई आपल्या मुख्य परिचारिकेपुढे जाऊन बसल्या आणि सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी एक कुपी त्या फळीवरून हलली.

ताई आम्हाला म्हणाल्या, "ते व्याख्यान मला आज आठवत नाही. त्या बाईचा चेहरा आठवतो. ती आधी घाबरली होती, म्हणून मला बोलता आले."

वाचकहो, या एका वाक्यात आम्हाला आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. आपल्या ज्ञानातला एक भाग असा असतो की तो चुकांतून आलेला असतो, आणि लाजेपायी माणूस तो लिहून ठेवीत नाही. तो कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून, हा आपल्याला हसणार नाही अशी खात्री पटल्यावरच तो ओठांवर येतो. ज्या व्यवसायात एका माणसाच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, तिथे ही चैनीची गोष्ट राहत नाही.

उरलेले निम्मे उत्तर आपल्या न्यायशास्त्रात आहे. साक्षीदाराने साक्ष आपल्या तोंडाने द्यावी, लिहून पाठवू नये, असा आपल्याकडचा मूळ दंडक आहे. का बरे? लिहिलेली साक्ष अधिक व्यवस्थित असते, विचारपूर्वक असते. पण कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाही. तोंडाने बोलणाऱ्याला विचारता येते: कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी? त्याला थांबावे लागते, आठवावे लागते, आणि ज्याच्याविरुद्ध बोलतो आहे त्याच्याकडे पाहावे लागते. कोकणात आपल्या वस्त्यांतून मुकादम, चौगुला आणि काजी असत. भांडण आले की दोन्ही पक्षांना समोरासमोर बसविण्याची आपली जुनी रीत होती. पाठीमागे जे बोलणे सोपे असते ते समोर जड जाते, हे त्या साध्या माणसांना माहीत होते.

आणि कागदावरून माणसाची परीक्षा झाली तर काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९६२ सालच्या परिपत्रकाने बेने इस्राएल वधूवरांच्या आई-आजीच्या कुळाची चौकशी जितकी मागे जाता येईल तितकी करावी, असे विवाहनोंदणी करणाऱ्यांना सांगितले गेले. अर्ज गेले, निवेदने गेली, उत्तरे आली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे गावोगावहून येरुशलेमला आली आणि ठिय्या देऊन बसली. साड्या नेसलेल्या आया, मांडीवर पोरे, कामावरचा रोज बुडवून आलेले बाप. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत असा ठराव केला. त्यानंतर परिपत्रकातून आपल्या समाजाचा नामनिर्देश काढण्यात आला. निवेदने व्यर्थ गेली असे आम्ही म्हणत नाही. वर्तमानपत्रांनीही काम केले. पण निवेदनाची घडी करून ते खणात ठेवता येते. रस्त्यावर बसलेल्या म्हातारीची घडी करता येत नाही. त्या दिवशी आपण खरोखर तोंड दाखवायलाच गेलो होतो.

तेव्हा आमचे उत्तर असे तयार झाले. पत्राने आणि पडद्याने माहिती पोचते. समोरासमोर आल्याने माणूस जाब देण्याच्या आणि जाब विचारण्याच्या जागी येतो. कोणी म्हणेल, पडद्यावरही तोंड दिसतेच की. दिसते, पण ते दाखवावे लागत नाही. नको झाले की कळ दाबून नाहीसे होता येते, आणि कोण गेले, का गेले, हे कोणाला कळतही नाही. खोलीतून उठून जायचे तर दहा माणसांच्या देखत दारापर्यंत चालावे लागते. ते दहा पावलांचे चालणे माणसाला पुन्हा विचार करायला लावते.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सारे त्या मुलाला सांगितले. आम्हाला वाटले, आता तो मान डोलावील. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, हे खरे असेल. पण आपल्या मेळाव्यात असे काही होते का? पुढे सोफे असतात, त्यांवर पाहुणे. व्यासपीठावर सात जण, सातांना हार. दीड तास भाषणे. बायका स्वयंपाकघरात. आम्ही मागच्या भिंतीशी उभे. मला आजपर्यंत कोणी काही विचारलेले नाही. मी कोणाला काय जाब देणार?"

आमच्याजवळ याला उत्तर नव्हते. नुसते एकत्र आले म्हणजे भेट झाली असे नाही, हे आपला इतिहासही सांगतो. १९१७ साली मुंबईत बेने इस्राएल परिषद भरली, केवढ्या उत्साहाने! पुढच्याच वर्षी मतभेदांतून अखिल भारतीय इस्राएलाइट लीग ही दुसरी संस्था निघाली, आणि काही वर्षांत दोन्हींचा जोर ओसरला. सभा भरविणाऱ्यांची निष्ठा खोटी नव्हती. पण माणसे एका छताखाली आली तरी एकमेकांकडे पाहतीलच असे नाही. पुष्कळदा ती सर्वजण एकाच खुर्चीकडे पाहत असतात.

म्हणून पुन्हा शास्त्राकडेच वळावे लागले. सन्हेद्रीनचे न्यायाधीश कसे बसत, याचे वर्णन मिश्नामध्ये आहे. गोल खळ्याचा अर्धा भाग असावा तसे ते अर्धवर्तुळात बसत, आणि कारण दिले आहे की त्यांना एकमेकांना पाहता यावे. ज्यांनी कोकणात भाताचे खळे पाहिले आहे त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र लगेच उभे राहील. खळ्याला व्यासपीठ नसते. आणि दुसरा नियम त्याहून मोलाचा आहे. प्राणदंडाच्या खटल्यात मत देण्यास सुरुवात बाजूला बसलेल्यांपासून, म्हणजे कनिष्ठांपासून करावयाची. ज्येष्ठ आधी बोलला तर धाकटा त्याच्या भिडेने आपले मत गिळून टाकील, आणि एका भिडेपायी एखाद्याचा जीव जाईल. समोरासमोर बसण्यात जो धोका आहे तो त्यांना दिसला होता, आणि त्यांनी बसण्याची रीत बदलून त्याला उपाय शोधला. बसणे सोडून दिले नाही.

आता जे येऊ शकत नाहीत त्यांचे काय? मिनियानसाठी दहा जण एका ठिकाणी असावे लागतात. पण शुलहान आरूखमध्ये एक सवलत आहे. सिनेगॉगच्या मागे कोणी उभा असेल, मध्ये भिंत असेल, आणि भिंतीला खिडकी असेल, तर ती खिडकी कितीही उंच असो, त्याने तिथून आपला चेहरा आतल्यांना दाखविला की तो दहांत धरला जातो. २०२० मध्ये सिनेगॉगे बंद होती तेव्हा इस्रायलमध्ये लोकांनी अंगणांतून आणि गॅलऱ्यांतून उभे राहून, एकमेकांना पाहत तेफिल्ला केली ती याच आधारावर. पडद्यावरचा मिनियान मात्र बहुतेक सनातनी रब्बींनी ग्राह्य मानला नाही. तेफिल्लाचा निर्णय रब्बींनी करावा, तो आमचा अधिकार नाही. पण सभेसाठी आम्ही त्या खिडकीपासून एक धडा घेतला. जो खरोखर अडलेला आहे त्याच्यासाठी खिडकी ठेवलीच पाहिजे, आणि त्याला पुरा माणूस म्हणून मोजलेच पाहिजे. मात्र खिडकी म्हटली की भिंत आली, आणि भिंतीच्या आत कोणीतरी बसलेले असायला हवे. सगळेच खिडकीबाहेर उभे राहिले तर डोकावायचे कोठे?

शेवटी ठराव झाला तो असा. मेळावा एक वर्ष प्रत्यक्षच भरवावा. मोठा हॉल नको, शाळेची एक खोली पुरे. व्यासपीठ नाही, हार नाहीत, खुर्च्या अर्धगोलात. पहिला तास चाळिशीच्या आतल्यांचा, आणि त्या वेळी स्वयंपाकघर बंद. दुसरा तास ज्याच्या त्याच्या कामधंद्याचा: परिचारिका परिचारिकांपाशी, कारागीर कारागिरांपाशी, शिक्षक शिक्षकांपाशी, आणि प्रत्येकाने आपल्या कामात झालेली एक तरी चूक सांगायची. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यासाठी एक पडदा, पण भिंतीवर उंच नाही. अर्धगोलातल्या एका खुर्चीवर, इतरांच्या रांगेत. आणि त्यांच्यापैकी कोण बोलू इच्छितो हे पाहायला एक जण नेमलेला.

ठराव दोन मतांनी संमत झाला. खजिनदारांनी विरोधात मत दिले. त्यांचे म्हणणे असे की आकडे आहेत तिथेच आहेत, आणि एका चांगल्या विचाराने बसचे भाडे फिटत नाही. ते खरेच आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बसवाल्याशी भाव करायला ते स्वतःच गेले, आणि दोनाच्या ऐवजी एक बस ठरवून आले. तरुण सभासदाने बाजूने मत दिले, आणि सांगितले की पहिला तास त्याच्यावर सोपविला असेल तर तो आम्हा ज्येष्ठांना जे विचारील त्याची उत्तरे तयार ठेवावीत.

मेळावा सुक्कोथनंतरच्या आठवड्यात आहे. बसमध्ये अजून १४ जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चिटणिसांना कळवावे. ज्यांना अडचण आहे त्यांनीही कळवावे, म्हणजे त्यांची खुर्ची मांडता येईल. आणि ज्यांना अडचण नाही, पण कशाला जायचे असे वाटते, त्यांनी एवढेच करावे: न येण्याचे कारण पत्राने न कळविता आमच्यापैकी कोणाच्या तरी घरी येऊन सांगावे. चहा तयार असेल.